काश्मीर ते कन्याकुमारी सायकल रिले रेकॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर टीमने आळीपाळीने, रात्रंदिवस न थांबता सायकलवर कापायचं आणि त्याची अधिकृत नोंद करून घ्यायची, एवढीच खरं तर गोष्ट. पण थंडीचा हंगाम जवळ आला की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. म्हणून एकदाच सगळे इथे मांडले आहेत. मी स्वतः रायडर नाही. गाडीत बसून घड्याळ, नकाशा आणि लोकांचे राग सांभाळणारा क्रू चीफ आहे, त्यामुळे बरीच उत्तरं गाडीच्या काचेतून दिसलेली आहेत. वॉट (पायांची ताकद) आणि केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) मोजणाऱ्यांनी तेवढं समजून घ्यावं.

1. रिले म्हणजे सगळे एकत्र सायकल चालवतात का?

नाही. एका वेळी रस्त्यावर एकच रायडर असतो. तो दमायच्या आधी दुसरा सूत्रं हाती घेतो आणि पहिला गाडीत बसून पुढे जातो. सायकलवर कापलेलं अंतर मात्र सलग हवं. जिथे एक थांबला तिथूनच दुसऱ्याने निघायचं, मध्ये एक मीटरही गाडीने गाळायचा नाही. घड्याळ श्रीनगरला एकदा सुरू होतं ते कन्याकुमारीलाच थांबतं. जेवण, झोप, पंक्चर, रेल्वे फाटक, भांडण सगळं त्यात मोजलं जातं.

2. मार्ग कोणता आणि अंतर नेमकं किती?

साधारण 3,600 किलोमीटर धरा. कणा राष्ट्रीय महामार्ग 44 चा: श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, जालंधर, लुधियाना, अंबाला, पानिपत, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी, नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बेंगळुरू, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली आणि शेवटी कन्याकुमारी. ढोबळमानाने दिल्लीपर्यंत 800, तिथून नागपूर 1,050, पुढे हैदराबाद 500, बेंगळुरू 570 आणि शेवटचा तुकडा 680 किलोमीटरचा.

आकडा दरवर्षी थोडा बदलतो, कारण रस्ता बदलतो. पूर्वी जम्मू ते श्रीनगर सुमारे 300 किलोमीटर होतं. 2017 मध्ये चेनानी-नाशरी बोगदा (साधारण 9.2 किलोमीटर) आणि 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंड बोगदा (साधारण 8.5 किलोमीटर) सुरू झाल्यावर ते बरंच कमी झालं. तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या फाइलवरून वेळापत्रक आखू नका. सायकल बोगद्यातून न्यायची की जुन्या रस्त्याने, हा वेगळा विषय आहे (प्रश्न 14).

3. किती दिवस लागतात? सध्याचा रेकॉर्ड किती आहे?

गणित सोपं आहे. सगळं धरून सरासरी ताशी 25 पडली तर 144 तास, म्हणजे बरोबर सहा दिवस. ताशी 30 पडली तर 120 तास, म्हणजे पाच दिवस. सगळी लढाई या दोन आकड्यांच्या मध्ये चालते.

तुलनेसाठी एकट्याने केलेले दोन प्रवास लक्षात ठेवा. नाशिकच्या ओम महाजनने नोव्हेंबर 2020 मध्ये हे अंतर 8 दिवस 7 तास 38 मिनिटांत कापलं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये काश्मीरच्या आदिल तेलीने 8 दिवस 1 तास 37 मिनिटांत कापून ते मागे टाकलं. टीमच्या गटात मात्र किती जण, पुरुष की महिला की मिश्र, वय काय, यावर आकडा बदलतो. तुमच्या गटातला आकडा अर्ज करताना नोंद करणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तो मोडलेला असणं अगदीच शक्य आहे.

4. टीम दोघांची, चौघांची की आठ जणांची करावी?

पहिल्यांदा करत असाल तर चौघांची.

दोघांची टीम ऐकायला सोपी वाटते, पण ती जवळजवळ दोन एकट्यांची मोहीम असते. एक सायकलवर असेल तेवढ्याच वेळात दुसऱ्याने खायचं, अंग पुसायचं, झोपायचं आणि पुढच्या जागी पोहोचायचं. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिकेतली रॅम ही किनारा ते किनारा शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली: सुमारे 4,800 किलोमीटर, 8 दिवस 14 तास 55 मिनिटं. ती शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी नाशिकचीच चौघांची टीम तिथे उतरली. दोघांत करायचंच असेल तर भाऊ, जुने मित्र, नवरा-बायको अशी जोडी निवडा, म्हणजे पहाटे चारला एकमेकांवर ओरडूनही दुपारी बोलणं सुरू राहील.

आठ जणांची टीम वेगाने सर्वांत पुढे जाते, पण गाड्या आणि क्रू दुप्पट होतात. माझ्या मते तिथे सायकलिंगपेक्षा लग्नाची वऱ्हाडं हलवण्याचा अनुभव जास्त कामाला येतो.

5. मी रविवारी शंभर किलोमीटर करतो. मला जमेल का?

रिलेला लागणारी ताकद वेगळी आहे. एका दमात 300 किलोमीटर जाणारा रायडर रिलेत चांगला निघेलच असं नाही. इथे अर्धा तास जवळजवळ पूर्ण जोर, मग अर्धा तास थंड गाडीत आखडून बसणं, मग पुन्हा जोर, असं सहा तास चालतं. त्यानंतर थोडी झोप आणि परत तेच. पाय गार पडल्यावर पहिल्याच मिनिटाला पुन्हा वेग धरता येतो का, खरी परीक्षा ही.

आमचा निकष असा: रायडरने बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या, 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या राइड एकाच हंगामात पूर्ण करून एसआर (सुपर रँडोनर) हा किताब मिळवलेला असावा, म्हणजे रात्रीची भीती गेलेली असते. त्यावर एक 24 तासांची सराव रिले, त्याच चौघांची, त्याच गाड्यांसह. या सरावात रायडरपेक्षा क्रूच जास्त शिकतो. सराव न करता थेट श्रीनगर गाठलेल्या टीमचं पहिलं भांडण बनिहालच्या आधीच होतं.

6. अर्ज कुठे करायचा?

प्रामुख्याने दोन वाटा आहेत. एक गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्स, दुसरी लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या नोंदी ठेवणारी वर्ल्ड अल्ट्रासायकलिंग असोसिएशन. गिनेसचा साधा अर्ज विनाशुल्क आहे, पण उत्तराला बारा आठवडेही लागू शकतात. मंजुरी मिळाली की त्या विशिष्ट रेकॉर्डची नियमावली आणि पुराव्यांची यादी पाठवतात. अल्ट्रासायकलिंगवाल्यांकडे आधी अर्ज आणि शुल्क, शिवाय मान्यताप्राप्त निरीक्षक तुमच्याबरोबर हवा.

दोन्हीकडची नियमावली एकसारखी नसते. एकाच प्रयत्नात दोन्ही नोंदी हव्या असतील तर प्रत्येक मुद्द्यावर जो नियम कडक तो पाळा. आणि आधी चालवून मग अर्ज करू हा विचार सोडून द्या. दर वर्षी कुणीतरी तो करतंच.

7. कोणता महिना चांगला?

निर्दोष महिना नाही, कारण एकाच आठवड्यात तुम्ही तीन हवामानांतून जाता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काश्मीरचा रस्ता सहसा मोकळा असतो, पण पंजाब-हरियाणात पराली जाळल्याचा धूर असतो आणि दिल्लीची हवा छातीत भरते. त्याच वेळी तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं. पानिपतजवळ पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दिसेना झाला की रेकॉर्डची भाषा विसरायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये धूर-धुकं विरतं, पण रामबनजवळ पाऊस-बर्फाने दरडी येतात आणि आदिलाबादच्या पुढे दुपार तापू लागते.

पावसाळ्याच्या महिन्यांत शेवटचा घोट कडू होतो. तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदळला शेकडो पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पश्चिमेचा वारा डोंगरांच्या खिंडीतून आडवा घुसतो आणि हलका रायडर पांढऱ्या पट्टीवरून लेनमध्ये ढकलला जातो. मला विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि दिल्लीपुरता तोंडावर मास्क.

8. बदली नेमकी कशी करायची? त्यात एवढं काय आहे?

सगळं त्यातच आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या धरल्या तर 120 तासांत 240 बदल्या होतात. प्रत्येक बदलीत एक मिनिट वाया गेलं तर चार तास गेले. ताशी 30 ऐवजी 31 ने चालवून जेवढा वेळ वाचतो, जवळपास तेवढाच हा. त्या एका किलोमीटरसाठी रायडर वर्षभर घाम गाळतो आणि आपण तो बाटली शोधण्यात घालवतो.

रॅमसारख्या शर्यतीत येणाऱ्याचं पुढचं चाक थांबलेल्याच्या चाकाला समांतर आलं की बदली पूर्ण झाली असं धरतात. तुमच्या नियमावलीतही असाच काही निकष असेल. तो शब्दशः पाठ करा. पुढची रीत आमची.

बदलीची गाडी पाच ते सहा किलोमीटर पुढे जाऊन डाव्या बाजूला, पूर्ण रस्त्याबाहेर थांबते. जागा शक्यतो हलक्या चढावर. येणाऱ्याचा वेग तिथे आपोआप कमी झालेला असतो, त्यामुळे त्याला ब्रेक लावावा लागत नाही. उतारावर बदली करणं म्हणजे फुकट मिळालेला वेग फेकून देणं. पुढचा रायडर दोन मिनिटं आधी सायकलवर, एक पाय क्लिपमध्ये (बूट पेडलला अडकवणारी खाच), योग्य गिअर पडलेला. मागच्या गाडीतून वॉकीटॉकीवर एक किलोमीटर, पाचशे, दोनशे असं कळवत राहायचं. चाकं जुळली की तो निघाला. येणारा लगेच थांबत नाही. तो तसाच पन्नास मीटर पुढे जातो, मग त्याला धरायचं, कारण पाय थरथरत असतात आणि क्लिप निघत नाही. एकदा आमचा रायडर असाच उभ्या उभ्या आडवा झाला. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आतल्या बाजूला पडला आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकला. सायकल चालवताना त्याला एक ओरखडा आला नव्हता.

रात्री आणि घाटात पाळी मोठी करून बदल्या कमी करतो. बदलीच्या जागी रस्त्यावर एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. फोटो काढायला खाली उतरणाऱ्याला मी परत गाडीत बसवतो, प्रायोजक असला तरी.

9. पाळी किती वेळाची ठेवावी आणि झोपायचं कधी?

चौघांच्या दोन जोड्या करा. एक जोडी सहा तास रस्त्यावर, त्यात दोघं 20 ते 30 मिनिटांनी बदलतात. त्या वेळात दुसरी जोडी मोठ्या गाडीतून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पुढे जाऊन झोपते. कागदावर सहा तास विश्रांती दिसते. प्रवास, आंघोळ, जेवण आणि तयारी वजा केली की झोप अडीच-तीन तासांचीच उरते. ती अडीच तास खरोखर मिळावी म्हणून विश्रांतीची गाडी थांबल्यावर फोन बंद. तुम्ही कुठवर पोहोचलात असं विचारणाऱ्या घरच्यांना एक वेगळा माणूस नेमून द्या.

चढावर पाळी लहान करा, सपाटीला वारा पाठीशी असेल तर मोठी. तिसऱ्या रात्रीनंतर रायडर म्हणेल, मला अजून थोडं चालवू द्या. देऊ नका. तो दमलेला असतो, आणि दमलेल्याला आपण दमलोय हे कळत नाही.

10. क्रू किती आणि गाड्या किती लागतात?

चौघा रायडरसाठी तीन गाड्या आणि बारा जणांचा क्रू. एक गाडी रायडरच्या मागे, एक बदलीसाठी पुढे, आणि तिसरी टेम्पो ट्रॅव्हलरसारखी, झोपायला. मागच्या गाडीत कायम दोघं जागे: चालक आणि वाट सांगणारा. तिसरा माणूस नोंदी आणि पुरावे बघतो (प्रश्न 13).

आता ज्या प्रश्नाला लोक बगल देतात त्याबद्दल. या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त धोका सायकलवाल्याला झोप लागण्याचा नसतो, चालकाला झोप लागण्याचा असतो. ताशी 28 च्या वेगाने, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, समोर एकच लाल दिवा बघत रात्रभर गाडी चालवून बघा. रायडरचं हृदय पळत असतं, चालकाचं नाही. म्हणून चालकाची पाळी चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या झोपेचा तक्ता रायडरच्या तक्त्याच्या आधी बनवायचा. भाड्याच्या गाडीबरोबर एकच चालक येतो आणि मालक सांगतो, आमचा माणूस झोपत नाही. त्याच क्षणी दुसरा चालक मागा.

गाड्यांच्या किल्ल्यांचं एक सांगतो. सागरच्या अलीकडे पहाटे बदलीची गाडी सुरू करायला गेलो तर किल्ली नाही. ती आधीच्या चालकाच्या खिशात होती आणि तो ऐंशी किलोमीटर पुढे, विश्रांतीच्या गाडीत घोरत होता, फोन बंद (नियम माझाच!). पाळीवरच्या रायडरने बदलीशिवाय जवळपास दोन तास ओढलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीची दुसरी किल्ली दोरीने आरशाला बांधलेली असते. चोरी होईल म्हणणाऱ्यांना मी सांगतो, गाडीत कायम कुणीतरी असतंच.

11. खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण तो तुमच्या गाड्यांवर ठरतो. पण लोक काय विसरतात ते सांगतो: अंतर 3,600 नसतं. पुण्याहून गाडी श्रीनगरला न्यायला सुमारे 2,300, मग मोहीम, मग कन्याकुमारीहून परत 1,550. एका गाडीमागे साडेसात हजार किलोमीटर होतात, गुणिले तीन. मंद वेगात गाडी जास्त इंधन पिते आणि क्लचही खाते. तीन फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा. टोलनाक्यावर सायकल डावीकडून निघून जाते आणि तिची गाडी मात्र आत अडकलेली, हे दृश्य बघवत नाही. हॉटेलांवर खर्च नगण्य, कारण झोपायला वेळच नसतो.

12. रायडरने काय खायचं?

ताशी 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं जातील असं, आणि पाळी संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम मिळतात, त्यावरून अंदाज येईल. पहिल्या दिवशी जेल आणि पावडर चालते, तिसऱ्या दिवशी त्याचा वासही नको होतो. तेव्हा दहीभात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की कामाला येते. ढाब्याची तर्री क्रूलाही नको. मागच्या गाडीतल्या माणसाचं पोट बिघडलं की गाडी थांबते, आणि अंधारात गाडी थांबली की रायडरही थांबतो.

13. पुरावे कोणते लागतात? स्ट्रावा या राइड नोंदवणाऱ्या ॲपची लिंक पुरत नाही का?

पुरत नाही. जीपीएसच्या मूळ फाइल, निघताना आणि पोहोचताना घड्याळासह सलग व्हिडिओ, बदल्यांचे व्हिडिओ, मिनिटवार नोंदवही आणि वाटेतल्या साक्षीदारांच्या सह्या, असा साधारण संच असतो. साक्षीदार टीमचे नातेवाईक नसावेत. पोलीस चौकी, पेट्रोल पंप, टोलनाका अशी ठिकाणं चांगली, कारण तिथे शिक्का असतो.

जीपीएस नेहमी दोन ठेवा: एक रायडरबरोबर बदलत जाणारा, दुसरा मागच्या गाडीत. रायडरचं यंत्र सायकलला नव्हे, माणसागणिक वेगळं असेल तर चार तुकड्यांची फाइल जोडताना वेड लागतं. आम्ही एकच यंत्र बॅटनसारखं हातोहात देतो.

आणि ही एक गोष्ट अधोरेखित करा: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. लाइव्ह ट्रॅकरमध्ये प्रीपेड सिम घातलं असेल तर सुरुवातीचाच तुकडा कोरा राहील.

14. परवानग्या कुणाच्या घ्यायच्या? सायकलला बंदी असलेले रस्ते येतात का?

येतात. हैदराबादचा बाह्य वळण रस्ता आणि विमानतळाकडे जाणारा उंच पूल दुचाक्यांना बंद आहेत, दिल्लीभोवतीच्या पूर्व परिघीय द्रुतगती मार्गाचंही तेच. मोबाइलचा नकाशा मोटारीसाठी लावलेला असेल तर तो तुम्हाला नेमका तिथेच नेतो. या शहरांतली वाट आधी एकदा गाडीने फिरून फाइलमध्ये पक्की करा. बंदीच्या रस्त्यावरून गेल्याचं व्हिडिओत दिसलं तर तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरतो.

काश्मीरमधल्या बोगद्यांसाठी तिथल्या वाहतूक पोलिसांकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी आश्वासनावर निघू नका. नाही म्हणाले तर जुन्या रस्त्याने जायचं, आणि तसं असेल तर अर्जातला मार्ग आधीच बदलून घ्यायचा. बाकी जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना तारखांसह माहितीचं पत्र पुरतं. त्याची प्रत प्रत्येक गाडीत, इंग्रजी आणि हिंदीत; तेलंगणापासून पुढे तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्ये चार ओळी. गाडीवर लाल-निळे दिवे लावू नका.

15. कोणत्या वेळी निघावं?

सकाळी सहाला लाल चौकातून झेंडा दाखवून निघालो की फोटो सुरेख येतो. ताशी 28 ने हिशोब करा: दिल्ली दुसऱ्या दिवशी साडेदहाला, हैदराबाद संध्याकाळी सहाला, बेंगळुरू दुपारी दोनला. तिन्ही शहरं वाईट वेळी. तेच रात्री आठला निघालं तर दिल्ली साडेबाराला मध्यरात्री, बेंगळुरू पहाटे चारला आणि हैदराबाद सकाळी आठला. तीनपैकी दोन शहरं मोकळी मिळतात.

पण मग बनिहाल ते उधमपूर हा सगळा घाट पहिल्याच रात्री येतो: ट्रकची रांग, ओला रस्ता, वरून सुटणारे दगड. माझं मत घाट दिवसा घेण्याचं आहे, मग शहरांत दीड-दोन तास गेले तरी चालतील. शहरात स्थानिक सायकलिस्टना चौकाचौकांत उभं करा. त्यांनी फक्त हाताने वळण दाखवायचं, रायडरच्या पुढे चालवायचं नाही.

16. रात्री महामार्गावर सायकल सुरक्षित असते का?

मागे गाडी असेल तरच. अंधार पडला की रायडर आमच्या दिव्यांच्या झोतातून बाहेर जात नाही. गाडी मागे पडली तर त्याने थांबायचं, हा नियम वादाच्या पलीकडचा. उलट्या बाजूने, बिनादिव्याचा येणारा ट्रॅक्टर हा आपल्याकडचा खास प्रकार, तोही बरोबर आपल्याच डाव्या कडेला. सिवनी ते नागपूर पेंचच्या जंगलात प्राण्यांना जायला रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत, तिथे उगाच थांबायचं नाही. धर्मपुरीच्या पुढचा थोप्पूर घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे: लांब उतार, आणि मागे ब्रेक तापलेले ट्रक. तिथे रेकॉर्ड विसरून हळू उतरा. आम्ही सगळ्यांत अनुभवी रायडर तिथेच लावतो, सगळ्यांत वेगवान नव्हे.

17. रस्ता चुकलो तर?

जिथून चुकलात तिथे परत जा आणि पुन्हा सुरू करा. सायकलने किंवा गाडीने परतता येईल का, ते तुमच्या नियमावलीत बघा. वाया गेलेलं अंतर मोजलं जात नाही, वेळ मात्र मोजला जातो.

आपल्याकडे चूक बहुतेक वेळा वळणावर होत नाही, उड्डाणपुलाशी होते. रायडर पुलावर चढतो, गाडी सेवा रस्त्याला लागते, आणि दोघं दोन किलोमीटर समांतर जातात, मध्ये कठडा. दिवसा हसू येतं. रात्री प्रश्न 16 चा नियम लागू होतो: रायडरने पुलावर डाव्या कडेला थांबायचं. म्हणून आमच्या नकाशात प्रत्येक पुलासमोर फक्त दोनच शब्द असतात, वर किंवा खाली.

18. एखादा रायडर आजारी पडला तर दुसरा घेता येतो का?

सहसा नाही. निघताना ज्यांची नावं दिली तेच. उरलेल्यांनी पुढे नेता येतं, मात्र चौघांच्या गटातच मोजलं जातं; तिघं उरले म्हणून गट बदलत नाही. तिघांत चालवायचं झालं तर जोड्या मोडून तिघांचं चक्र करा. एक रस्त्यावर, एक तयार, एक झोपलेला. हे चक्र घरीच लिहून ठेवा, रस्त्यात सुचत नाही.

19. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर घड्याळ थांबतं का?

थांबत नाही. रामबनच्या पट्ट्यात काही तास अडकणं नवीन नाही, आणि प्रशासन कधी कधी एकेरी वाहतूकही ठेवतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांची सूचना बघूनच वेळ ठरवा आणि श्रीनगरमध्ये दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. विमानाची तिकिटं त्या हिशोबाने काढा. अडकलातच तर रायडरला झोपवा. सायकल दरडीवरून खांद्यावर घेऊन पलीकडे जाण्याचा मोह होतो. वरचा डोंगर अजून सुटत असतो, जाऊ नका.

20. दोन रायडर एकत्र चालवून एकमेकांचा वारा अडवला तर? गाडीच्या मागे?

गाडीच्या, ट्रकच्या किंवा मोटरसायकलच्या आडोशाने जाणं कुठेच चालत नाही. बदलीची गाडी रायडरला ओलांडताना शेजारी रेंगाळली तरी शंका घेतली जाते, म्हणून ओलांडायचं तर सरळ निघून जायचं. दोन रायडर एकत्र चालतील का, यावर नियमावल्या वेगवेगळ्या आहेत. तुमच्यात परवानगी नसेल तर बदलीच्या वेळीही दोघांनी बरोबर रमतगमत जायचं नाही. वाटेत हौशी सायकलिस्ट येऊन मिळतात, त्यांना प्रेमाने मागे राहायला सांगा.

21. सगळ्यांनी एकच सायकल वापरायची का? बिघडली तर?

प्रत्येकाची आपापली, शिवाय एक राखीव. सायकल बदलायला बहुधा बंधन नसतं. इलेक्ट्रिक चालत नाही आणि झोपून चालवायच्या सायकलींचा गट वेगळा. पंक्चर रायडरने काढायचं नाही. त्याला दुसरी सायकल द्या आणि ट्यूब गाडीत बदला. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून चार सायकलींचे चार सुटे हँगर. का, ते प्रश्न 8 मध्ये आहे.

22. अर्ध्या वाटेत कळलं की रेकॉर्ड हुकणार, तर काय करायचं?

नागपूरला बसून शांतपणे ठरवा. तोवर साधारण निम्मं अंतर झालेलं असतं, घरची माणसं भेटायला आलेली असतात आणि क्रू बदलायचा तर रेल्वेही सोयीची. पाच-सहा तास मागे असाल तर दक्षिणेच्या सपाट रस्त्यावर काही भरून निघतात. बदल्या सुधारल्या तर अजून काही. बारा तास मागे असाल तर भरून निघत नाहीत. मग आम्ही घड्याळ तसंच चालू ठेवतो, पण रात्रीचं चालवणं बंद करतो. दिवसा चालवत कन्याकुमारी गाठायची. पुरावे तरीही नीट गोळा करा, कारण पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्याच फाइलवरून बनतं. आमची सध्याची बदलीची रीत ज्या नोंदवहीतून आली, ती एका हुकलेल्या प्रयत्नाचीच आहे. सागरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, किल्ली.